आजीची फळी आणि माझं मटेरियल सायन्स

मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून आमच्या वर्गातली मराठी एडिटर महिनाभर माझ्या मागे लागली होती. "अगं, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत माझं मराठी म्हणजे निबंध पाठ करणं," असं सांगून मी टाळत होते. शेवटी ती म्हणाली, "मग मेकॅनिकलबद्दलच लिही. कोणाला कळलं नाही तरी चालेल." एवढी सूट मिळाल्यावर नाही कसं म्हणणार? तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि पुढे वाचा.

विषय आहे भाजी चिरायची फळी. म्हणजेच चॉपिंग बोर्ड. हसू नका! टी.ई. मेकॅनिकलच्या मुलीला गिअरबॉक्स सोडून फळी का सुचावी, असं तुम्ही म्हणाल. मलाही सुचली नसतीच. पण गेल्या वर्षी आमच्या घरात या फळीवरून जे झालं, त्यामुळे दोन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तर झालं असं. आजीच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झाली आणि डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसायची कायमची बंदी केली. आजीने आयुष्यभर भाजी चिरली ती विळीवर. विळी माळ्यावर गेली. आजीला डायनिंग टेबलाशी खुर्चीवर बसून चिरता यावं म्हणून आईने काचेचा बोर्ड आणला. टफन्ड ग्लास, वर सूर्यफुलांचं चित्र. डाग पडत नाही, वास राहत नाही, धुवायला सोपा. तिन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या. दहा-बारा दिवसांनी काकडी चिरताना सुरी सटकली आणि आजीच्या डाव्या अंगठ्यात घुसली. आजीला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, त्यामुळे रक्त थांबता थांबेना. रात्री साडेनऊला जाऊन तीन टाके घालून आणले. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आई, आता बस झालं. यापुढे तू चिरायचं नाही."

आजी काही बोलली नाही. आमची आजी काही बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर! आज भाजी कुठली, भेंडी गोल चिरायची की उभी, कोबी किती बारीक, हे सगळं आमच्या घरात तीच ठरवत आली. आता ती टीव्ही लावून बसायची आणि बघायची नाही. आईने ऑफिसला निघायच्या घाईत बटाट्याच्या काचऱ्यांचे ठोकळे केले, तरी आजीने ते मुकाट्याने खाल्ले. त्या दिवशी मी ठरवलं, बाबांचा निर्णय फिरवायचा असेल तर अंगठा का कापला हे आधी नीट कळलं पाहिजे.

आधी विळीचं बघू. विळीवर चिरताना पातं जागच्या जागी असतं आणि भाजी हलते. पाट पायाखाली दाबलेला, भाजी दोन्ही हातांत, आणि पात्याच्या पलीकडे काय? काहीच नाही. हवा! भाजी चिरली जाते आणि फोडी खाली ताटात पडतात. धार आयुष्यात कशावरही आपटत नाही. म्हणूनच आजीच्या विळीला वर्षातून एकदा दारावर येणारा धारवाला पुरायचा. सुरीचं उलटं आहे. सुरीचा प्रत्येक घाव भाजीतून आरपार जाऊन फळीवर थांबतो. रोज ३०० घाव धरले (घरात पाच माणसं, कोशिंबीर रोज) तर वर्षाला लाखाच्या वर टकरा होतात. म्हणजे ओट्याशी उभं राहून चिरायला लागल्यावर आपण पाट सोडला, पातं हातात घेतलं आणि एक नवीनच भाग जोडला, ज्याच्यावर धारेने आपटायचं आहे. त्या भागाचं मटेरियल कुठलं, हा विचार कोणी करत नाही. चित्र बघून घेतात!

आता थोडं गणित. घाबरू नका, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पहिल्या चॅप्टरच्या पुढे जाणार नाही. सुरीची धार डोळ्यांना रेष दिसते, पण खूप मोठी करून पाहिली तर ती एक अतिशय अरुंद पट्टी असते. चांगली लावलेली धार २ मायक्रॉन रुंद धरू. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन असतो.) चिरताना हाताचा जोर २० न्यूटन, म्हणजे सुरीवर दोन किलोचं वजन ठेवल्यासारखा. आणि धार फळीला २० मिलिमीटर लांबीत टेकली असं समजू. तर टेकलेलं क्षेत्रफळ झालं ०.०४ चौरस मिलिमीटर, आणि दाब झाला ५०० मेगापास्कल! साधं माइल्ड स्टील २५० मेगापास्कलच्या आसपास कायमचं वाकायला लागतं. सुरीचं पोलाद कडक केलेलं असतं म्हणून ते एवढं सोसतं. पण सुरी जरा तिरकी पडली आणि २० ऐवजी १ मिलिमीटरच धार टेकली तर? १०,००० मेगापास्कल. हे कुठलंच पोलाद सोसत नाही. काहीतरी एक मागे हटलंच पाहिजे. एकतर फळी, नाहीतर धार.

माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. लाकूड किंवा प्लास्टिक असेल तर धार केसाच्या अंशाएवढी आत रुतते. रुतली की टेकणारं क्षेत्रफळ वाढतं, दाब एकदम उतरतो आणि धार वाचते. काच रुतू देत नाही. मग धारच वळते, कानाच्या पाळीसारखी एका बाजूला दुमडते. दुमडलेली धार कापत नाही, घसरते. मग आपण जोर वाढवतो. आणि जोर लावलेल्या हाताखालून सुरी सटकली की ती काकडीवर थांबत नाही. आजीचा अंगठा काकडीने कापला नव्हता, आणि तिचा हात थरथरला म्हणूनही (बाबांचं म्हणणं) कापला नव्हता. दहा दिवस काचेवर आपटून बोथट झालेल्या सुरीने तो कापला होता. त्यात काच ओली, म्हणजे फळीही निसरडी आणि तिच्यावरची काकडीही.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगितलं. बाबा अकाउंटंट आहेत. "सिद्ध कर," म्हणाले.

मग काय! तुळशीबागेतून एकाच जातीच्या चार स्वस्त सुऱ्या आणल्या. त्यातली एक आमच्या लॅबमध्ये रॉकवेल मशीनवर धरली. सी स्केलवर ५३ आली. (लॅबमधल्या काकांनी आधी "हे जर्नलमध्ये कुठे आहे?" असं विचारलं, नंतर स्वतःच तीन ठिकाणी मोजून दिलं.) चारही सुऱ्यांना एकाच दगडावर धार लावली. एकीने काचेवर ३०० घाव घातले, दुसरीने ओट्याच्या ग्रॅनाइटवर, तिसरीने प्लास्टिकच्या बोर्डवर आणि चौथीने सागाच्या एका जुन्या तुकड्यावर. मोजायला धाकटा भाऊ होता, त्यामुळे ३०० म्हणजे २८० ते ३२० असं समजा. मग पिकलेला टोमॅटो. प्लास्टिक आणि सागावरच्या सुऱ्या सालीत अलगद गेल्या. काचेवरची सुरी टोमॅटो आधी दाबायची आणि मग फोडायची. ग्रॅनाइटवरच्या सुरीबद्दल न बोललेलं बरं. दुसऱ्या दिवशी मेटलर्जीच्या मायक्रोस्कोपखाली १०० पटीने मोठं करून पाहिलं तर काचेवरच्या सुरीची धार पांढऱ्या चमकत्या पट्टीसारखी दिसत होती. चांगली धार उजेड परत फेकत नाही, वळलेली फेकते. हा काही रिसर्च पेपर नाही, सुऱ्या चार आणि टोमॅटो दोनच होते. पण बाबांना मायक्रोस्कोपचा फोटो दाखवला आणि ते "बरं, बघू," म्हणाले. आमच्याकडे हे सँक्शन समजतात.

काच बाद झाली. ग्रॅनाइटही बाद, कारण त्यातला क्वार्ट्झ मोज़च्या कठीणपणाच्या मापावर ७ आणि फेल्डस्पार ६, म्हणजे सुरीच्या पोलादाच्या बरोबरीचे किंवा वरचढ. तरी कित्येक घरांत मिरची थेट ओट्यावर चिरतात आणि मग सुरी कंपनीला शिव्या देतात! संगमरवर त्या मानाने मऊ, ३ च्या आसपास. पण तो कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यामुळे लिंबू चिरलं की आम्लाने पृष्ठभाग खातो आणि डाग पडतात. स्टीलच्या आणि हल्ली टायटॅनियमच्या बोर्डच्या जाहिराती मोबाइलवर येतात, "सुरी बोथट होणार नाही" म्हणून. त्यात अर्धं खरं आहे. शुद्ध टायटॅनियम किंवा साधं स्टेनलेस स्टील सुरीच्या कडक पोलादापेक्षा मऊच असतं, म्हणून बोर्डवर चरे पडतात. पण मऊ म्हणजे किती? धातू मागे हटायला शेकडो मेगापास्कल लागतात. लाकूड रेषांच्या आडव्या बाजूने दहा-वीस मेगापास्कलमध्येच दबतं. तेवढ्या वेळात धातूवर धारेचं काम झालेलं असतं. शिवाय तो खणखणाट! सकाळी सहाला आजी धातूवर कोथिंबीर चिरायला लागली तर अख्खी सोसायटी उठेल.

राहिलं प्लास्टिक आणि लाकूड. इथे मला खरं तर प्लास्टिकच जिंकेल असं वाटलं होतं. चांगले बोर्ड हाय डेन्सिटी पॉलिथिलीनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. मागच्या त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असतो. दोन्ही पाण्यावर तरंगतात, तेव्हा शंका आली तर तुकडा बादलीत टाकून बघा. धारेला दोन्ही चांगले. आमच्या टेस्टमध्ये तर मायक्रोस्कोपखाली प्लास्टिकवरची सुरी सागावरच्या सुरीपेक्षा किंचित बरीच दिसली. हळदीने पिवळे होतात तो भाग वेगळा.

प्लास्टिकच्या बाजूने सगळे पहिलं कारण देतात ते स्वच्छतेचं. लाकूड पाणी पितं, त्यात जंतू मुरतात, प्लास्टिकमध्ये काही मुरत नाही. ऐकायला अगदी बरोबर. अमेरिकेत पूर्वी सरकारी सल्लाही असाच होता, लाकूड नको, प्लास्टिक वापरा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि त्यांचे सहकारी घरातले लाकडी बोर्ड प्लास्टिकइतके सुरक्षित कसे करता येतील ते शोधायला बसले. बोर्डवर मुद्दाम जंतू सोडले. निघालं भलतंच, आणि १९९४ मध्ये त्यांनी ते छापलं. लाकडावर सोडलेले जंतू पृष्ठभागाखाली ओढले जात, तिथे ते वाढत नसत आणि हळूहळू मरत. परत मिळवायचे तर लाकूड फोडावं लागे. नवीन प्लास्टिक सहज साफ व्हायचं. पण सुरीचे चरे पडलेलं, वापरलेलं प्लास्टिक हाताने घासून नीट साफ करणं अवघड जायचं. आणि घरातला बोर्ड नवीन असतो तरी किती दिवस?

याचा अर्थ लाकूड म्हणजे डेटॉल असा घेऊ नका. कच्चं चिकन कापलं आणि त्याच फळीवर, त्याच सुरीने कोशिंबिरीचा कांदा चिरला तर मटेरियल कुठलंही असो, पोट बिघडणार. माझा मामेभाऊ हॉटेल मॅनेजमेंट करतो. त्यांच्या किचनमध्ये रंगच ठरलेले असतात. लाल बोर्ड कच्च्या मटणाला, निळा माशांना, हिरवा फळं-सॅलडला. घरी मांस-मासे करणाऱ्यांनी किमान दोन फळ्या ठेवाव्यात. मांसाची प्लास्टिकची ठेवली तर गरम पाण्याने जोरात घासता येते आणि चरे खोल झाले की सरळ टाकून देता येते. आमच्या घरी फक्त भाजी, त्यामुळे हा प्रश्न आला नाही.

प्लास्टिकवरून माझं मन उडालं ते दुसऱ्याच कारणाने. टेस्टसाठी वापरलेला आमचा जुना प्लास्टिकचा बोर्ड मी एकदा टेबलावर उलटा ठेवला, आणि मधे स्टीलची पट्टी सरकेल एवढी फट राहिली. सात-आठ वर्षांत मधला भाग बशीसारखा झिजला होता. ते प्लास्टिक गेलं कुठे? काही बेसिनमध्ये, उरलेलं कोशिंबिरीत! मग शोधलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी याच विषयावर पेपर लिहिला आहे. पॉलिथिलीनच्या बोर्डवरून एका माणसामागे वर्षाला साधारण ७ ते ५० ग्रॅम सूक्ष्म प्लास्टिक निघू शकतं असा त्यांचा अंदाज आहे. चिरायची पद्धत, जोर आणि बोर्ड यांवर तो बदलतो. प्रामाणिकपणे पुढचंही सांगते. उंदराच्या पेशींवर त्यांनी हे कण ७२ तास ठेवून पाहिले, तेव्हा लक्षात येण्यासारखा विषारी परिणाम दिसला नाही. म्हणजे उद्या सगळे आजारी पडणार असं नाही. पण ज्या फळीचं कामच मागे हटायचं, झिजायचं आहे, तिचा भुगा पोटात जाणार हे धरूनच चाललं पाहिजे. आणि जायचाच असेल तर तो लाकडाचा गेलेला मला चालेल.

म्हणून लाकूड. पण कुठलं?

लाकूड म्हणजे स्ट्रॉची जुडी समजा. झाडाच्या उंचीच्या दिशेने लाखो बारीक नळ्या एकमेकींना चिकटलेल्या. नेहमीच्या फळीत या नळ्या आडव्या झोपलेल्या असतात. सुरी त्यांना कापते, चरा पडतो. आणि झाड आडवं कापून ती चकती वापरली तर नळ्यांची तोंडं वर येतात. आता धार ब्रशच्या केसांत शिरावी तशी नळ्यांच्या मधे शिरते, आणि सुरी उचलली की फट बऱ्यापैकी मिटते. धारही कमी जाते, फळीही टिकते. खाटकाचा ओंडका असाच उभ्या रेषांचा असतो. त्याच्यावर सत्तूर चालतो तरी तो वर्षानुवर्षं उभा असतो.

लाकडाचा कठीणपणा मोजायची टेस्टही आपल्या लॅबमधल्या ब्रिनेलची बहीण आहे. ऑस्ट्रियाच्या गाब्रिएल यान्का यांनी १९०६ मध्ये काढली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी अर्धी रुतायला किती जोर लागतो ते मोजायचं. सागाला साधारण पावणेपाच किलोन्यूटन, आणि अमेरिकेतल्या बोर्डवाल्यांच्या लाडक्या हार्ड मेपलला साधारण साडेसहा. आकडा वाढला की फळी जास्त टिकते आणि धारेला जास्त त्रास होतो, म्हणून दोन्हींच्या मधलं काहीतरी पकडायचं. बांबूचे बोर्ड दुकानात सुंदर दिसतात, पण बांबू हे गवत आहे. त्यात सिलिका असते, आणि बारीक पट्ट्या ग्लूने जोडून बोर्ड करतात म्हणून ग्लूही भरपूर. प्लायवूड किंवा एमडीएफचा बोर्ड कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. आठ दिवसांत फुगतो.

इतकं पाठ करून मी टिंबर मार्केटमध्ये एका सुतारकाकांकडे गेले. त्यांनी माझं यान्काबिंका शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साग पाण्याला चांगला, पण रंध्याचं पातं खातो." मी उडालेच! सागात सिलिका असते आणि ती धार घालवते, हे मी नुकतंच वाचलं होतं. काकांना ते तीस वर्षं पाती घासून माहीत होतं. आमच्या टेस्टमध्ये साग प्लास्टिकच्या किंचित मागे का पडला असावा, तेही कळलं. "चिंच घ्या," काका म्हणाले. "मटणवाल्यांचे ओंडके चिंचेचेच. जड, चिवट, तुकडे सुटत नाहीत." थायलंडमध्येही घरोघरी चिंचेच्या गोल चकत्याच वापरतात. झालं! उभ्या रेषांची, चार सेंटीमीटर जाडीची चिंच. थिअरीतलं सर्वोत्तम उत्तर घेऊन मी घरी आले.

आजीने शांतपणे विचारलं, "खाटकाचा ओंडका? माझ्या देवघराच्या शेजारी? आणि चिंचेवर काय असतं माहीत आहे ना?"

भुताचं मी मॅनेज केलं असतं, पण पुढचा प्रश्न अवघड होता. "उचलायची कोणी?"

मी कॅल्क्युलेटर काढला. ४० बाय ३० सेंटीमीटर, जाडी ४, चिंचेची घनता पाण्याच्या जरा खाली. सव्वाचार किलो! आजी काठी घेऊन चालते. तिचा एक हात कायम काठीवर. सव्वाचार किलोची ओली फळी एका हाताने बेसिनपर्यंत नेणार कशी? आम्हाला मटेरियल सिलेक्शनमध्ये केंब्रिजच्या मायकेल अ‍ॅश्बींची पद्धत शिकवतात. आधी काम काय ते लिहा, मग अटी लिहा, मग काय वाढवायचं किंवा कमी करायचं ते ठरवा. मी काम लिहिलं, धार वाचवायची हे उद्दिष्ट लिहिलं, आणि अटींची जागा कोरी ठेवली होती. व्हायव्हात असं केलं असतं तर सरांनी तिथेच बसवलं असतं. फळी मी आजीसाठी करत होते आणि आजीलाच विचारलं नव्हतं.

मग आजीबरोबर बसून अटी लिहिल्या. एका हाताने उचलता आली पाहिजे. टेबलावर हलता कामा नये. उंच नको, कारण खुर्चीवर बसून खांदा दुखतो. आणि दोन्ही बाजू वापरता आल्या पाहिजेत, एक कांदा-लसणाची आणि एक उपासाची. या शेवटच्या अटीचा अ‍ॅश्बींनी विचार केला नसावा.

उत्तर आलं साग. ३० बाय २२ सेंटीमीटर, जाडी २. वजन साधारण ८५० ग्रॅम. रेषा आडव्या, कारण उभ्या रेषांची पातळ फळी पटकन तडकते. साग धार जरा जास्त खातो हे कबूल. पण सुरीला पंधरा दिवसांनी धार लावता येते, आजीच्या हाताला नाही. काकांनी अखंड फळी दिली नाही. तीन पट्ट्या जोडल्या, मधलीच्या वर्तुळांची दिशा उलटी ठेवून. लाकूड पाणी पिऊन फुगतं तेव्हा वर्तुळांच्या दिशेने साधारण दुप्पट फुगतं आणि लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे अखंड फळी एका बाजूला बाक धरते. पट्ट्या उलटसुलट ठेवल्या की एकीचा बाक दुसरी अडवते. गावाकडच्या जुन्या दाराचा साग आहे तो वापरू का, असं बाबांनी विचारलं होतं. मुरलेलं लाकूड खरंच छान, पण त्याच्यावर ऑइल पेंटचे चार थर होते. जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती पेंटमध्ये शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली. नवीनच घेतलं.

काका वर चकचकीत पॉलिश मारायला निघाले होते, ते थांबवलं. सुरीखाली पॉलिशचे पापुद्रे निघतात. फोडणीचं तेलही लावायचं नाही. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल हवेने खवट होतं आणि तो वास जात नाही. लिक्विड पॅराफिन लावायचं. ते खवट होत नाही, चव नाही, वास नाही, आणि कुठल्याही केमिस्टकडे मिळतं. फक्त ते बद्धकोष्ठतेचं औषध आहे. मी एकदम दोन बाटल्या मागितल्यावर काउंटरवरच्या माणसाने ज्या सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही. बाटली गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, फळीच्या सगळ्या बाजूंना फडक्याने चोपडायची, रात्रभर ठेवून पुसायचं. पहिल्या आठवड्यात तीनदा, मग महिन्यातून एकदा.

बाकीची काळजी सोपी आहे. बेसिनमध्ये भिजत घालायची नाही. धुताना दोन्ही बाजू ओल्या करायच्या, एकच बाजू भिजली तर बाक येतो. पुसून उभी ठेवायची. उन्हात नाही, तडकते. कांद्याचा वास राहिला तर जाड मीठ आणि लिंबाच्या सालाने घासायची. आणि चिरायला बसताना फळीखाली ओलं करून पिळलेलं फडकं पसरायचं. या सगळ्या उद्योगात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हे फडकंच असावं. फळी इकडची तिकडे हलत नाही. खरं तर काचेच्या बोर्डखालीही ते घालायला हवं होतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बाबांच्या देखत आजीने नव्या फळीवर कोबी चिरला. आधी बाबा शेजारी उभे होते, मग खुर्ची घेऊन बसले, मग पेपर वाचायला लागले. आजीने खिळ्याने एका कोपऱ्यावर छोटी फुली कोरून घेतली आहे. फुलीची बाजू कांद्याची. एकादशीला फळी उलटी होते.

सुरीच्या धारेसाठी मी ऑनलाइन दगड मागवणार होते. आजी म्हणाली, लोणच्याची बरणी आण. चिनीमातीच्या बरणीच्या बुडाला एक कडा असते, जिच्यावर चकाकी नसते. आजीने बरणी उलटी केली आणि सुरी जवळजवळ आडवी धरून दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा ओढली. चिनीमाती पोलादापेक्षा कठीण, म्हणजे काचेने जे केलं तेच हीही करायला हवी. पण काचेवर सुरी उभी आपटते आणि इथे ती झोपून घासली जाते, म्हणून तिथे धार वळते आणि इथे सरळ होते. कोन किती हे मी कंपासातल्या कोनमापकाने मोजायचा प्रयत्न केला. आजीने सुरी एका जागी धरलीच नाही. मला साधारण १५ अंश वाटला.